दोन युनिटचा फरमा

रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला माझ्या पोटात गोळा यायचा. चार महिन्यांत एक दिवस चुकला नाही. आमच्या घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्यामुळे गोळाही पाच मिनिटं आधीच यायचा.

गोळ्याचं कारण आमचा बोका, बॉबिन. लहान असताना शिलाई मशीनजवळच्या बॉबिनी पळवायचा आणि दोरा घरभर करून ठेवायचा, म्हणून हे नाव. आता तो अकरा वर्षांचा आहे. मध्यंतरी तो वाट्यांवर वाट्या पाणी प्यायला लागला, चापून खायला लागला आणि तरीही वाळत चालला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढला, मशीनवरचा आकडा बघितला आणि मधुमेह असल्याचं सांगितलं. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, दोन युनिट इन्सुलिन. आधी खायला घालायचं, त्याने खाल्लंय याची खात्री करायची, मग टोचायचं. दोन म्हणजे दोनच. थोडं कमी झालं तर निभावून नेता येईल, जास्त झालं तर जीव जाईल, असं त्या म्हणाल्या. आम्हाला लेक असती तर डॉक्टरांएवढीच असती. मला काकू म्हणतात. पण हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की मी वर्गात उभं केल्यासारखी ताठ झाले.

आता टोचणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हण मी शेकडो वेळा वापरली असेल, पण ती अशी टेबलावर बसून माझ्याकडे बघेल असं वाटलं नव्हतं. आमचे हे आगीच्या बंबावर असतात. सव्वीस वर्षं जळत्या घरांत शिरतायत, एकदा तिसऱ्या मजल्यावरून एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन उतरलेत. पण औषधाची सुई दिसली की हा माणूस आडवा होतो. शिवणाची सुई चालते, दाभण चालतो, फक्त ती नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी नुसतं सुईचं टोपण काढलं आणि हे भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले. डॉक्टरांनी बोक्याला सोडून आधी यांना पाणी दिलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, तीस वर्षं सुईवर पोट. तुमच्याकडे तर प्रश्नच नाही काकू, असं डॉक्टर म्हणाल्या आणि विषय संपला.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

मला दिसत नव्हतं. अगदी ठार आंधळी नव्हते, पण दोन वर्षांपासून उजव्या डोळ्यासमोर ट्रेसिंगचा कागद धरल्यासारखं झालं होतं आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. मी गुपचूप जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. दोन्हीकडे मोतीबिंदू, ऑपरेशन करून टाका, साधं असतं, असं ते म्हणाले. डोळ्यात हत्यार घालायचं आणि वर साधं म्हणायचं. जन्मभर मी सुई हातात धरली, पण तीच डोळ्याकडे येतेय असं मनात आणलं तरी मी डोळे गच्च मिटून घ्यायचे. त्यांची चिठ्ठी घरी आणून मी बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली. यांना सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही. शिंपिणीचे डोळे गेले असं एकदा पसरलं की तिच्याकडे पडद्याला टीप मारायलासुद्धा कुणी येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ गच्च आवळून बसले होते.

काम माझी बोटं करायची. सुईत दोरा ओवायला तारेची ओवणी असते. टीप सरळ येते ती मशीनच्या पट्टीला कापड टेकवून. आणि मापाचं म्हणाल तर प्रत्येक मापाला माझ्याकडे फरमा आहे. फरमा म्हणजे त्या मापाचा कापलेला पुठ्ठा नाहीतर बकरमचा, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या ताठ कापडाचा, तुकडा. दोन बटणांमधलं अंतर, खिशाची खोली, पँटची खालची दुमड, सगळ्याचा एकेक. टेप वाचायचीच नाही, फरमा लावायचा आणि खडूने ओढायचं. काळं कापड मात्र मी घेणं बंद केलं होतं. काळ्याचं मला वावडं आहे असं सांगायची आणि लोकांना ते पटायचं. गेल्या वर्षी यांना बढती मिळाली तेव्हा बाहीवरचा बिल्ला मीच शिवून दिला होता, बोटांनी चाचपून, चारही बाजूंनी बारीक टाके घालून. त्या कामाचा मला अभिमान होता.

तर मी औषधाचाही फरमा केला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गच्चीवर गेले, उन्हात बसले, भिंग लावलं आणि एका रिकाम्या सिरिंजचा दांडा दुसऱ्या रेषेपर्यंत ओढला. सिरिंज करंगळीहून बारीक, रेषा केसाएवढ्या. त्या दोन रेषा शोधायला मला अर्धा तास लागला. दांडा ओढला की त्याच्या टोकाची चकती आणि सिरिंजचे बोटं टेकवायचे पंख यांच्यात एक फट पडते. त्या फटीत मी कॉलरचं बकरम घालून बघितलं. दोन थर ढिले पडले, तीनही ढिले, चार थर एकत्र शिवले तेव्हा गच्च बसले. पाचवा जाईना. झाला दोन युनिटचा फरमा. हरवू नये म्हणून लाल दोऱ्याने कडा शिवली. त्यानंतर रोजचं ठरलेलं. बाटलीत सुई घालून जरा जास्तच ओढायचं, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे, फरमा फटीत ठेवायचा आणि त्याच्यावर टेकेपर्यंत दांडा परत दाबायचा. फरमा काढायचा, बॉबिनच्या मानेमागची कातडी चिमटीत धरायची, टोचायचं.

बोका सुधारला. वजन वाढलं, अंगावर चमक आली, पाणी पिणं बेताचं झालं. काकूंचा हात सोन्याचा आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. मी खाली मान घातली. मी लाजले असं यांना वाटलं. खरं म्हणजे त्या चार महिन्यांत मला एकदाही रेष दिसली नव्हती आणि हे फक्त मला माहीत होतं.

मग सिरिंजा संपल्या. हे घरी येताना औषधाच्या दुकानातून नवं पाकीट घेऊन आले. पाकिटावर सुईचं चित्र असतं, म्हणून हे दुकानदाराला ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला सांगतात आणि तो गुंडाळत असेपर्यंत वर पंख्याकडे बघत राहतात. दुकानदाराला त्याची सवय झाली आहे. गुंडाळी तशीच कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी यांची चोवीस तासांची ड्युटी होती, सहालाच गेले. सातला बॉबिनने वाटी चाटूनपुसून साफ केली. मी गुंडाळी सोडली आणि एक सिरिंज काढली. हातात घेताच बोटांना कळलं की ही जाड आहे. नीट कळलं, खोटं कशाला बोलू. ज्या बोटांच्या जिवावर मी धंदा केला ती सांगत होती, बाई, थांब जरा. पण थांबून करायचं काय? पाकीट वाचायचं तर दुपारच्या उन्हाची वाट बघायला हवी, नाहीतर शेजारच्या कुणाला तरी विचारायला हवं की यावर काय लिहिलंय बघा. दुसऱ्या कंपनीची असेल, असं मी बोटांना समजावलं. फरमा फटीत बसला. दांडा टेकला. मी टोचलं.

साडेदहाला जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांचा करडा कोट शिवायला होता, अंगावर घालून बघायचा होता. उंच बाई, बोलतात तेव्हा सूचनाफलक वाचून दाखवल्यासारखं बोलतात. त्यांच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांचे कपडे माझ्याकडे येतात ते त्यांच्या एका शब्दावर. मी टाचण्या ओठांत धरून त्यांची डावी बाही लावत होते. बॉबिन या वेळी चिंध्यांच्या टोपलीत झोपलेला असतो. त्या दिवशी तो टोपलीतून बाहेर आला आणि ओरडायला लागला. भुकेलं ओरडणं मला ओळखू येतं. हे भुकेलंच होतं, पण त्याने तीन तासांपूर्वी पोटभर खाल्लं होतं. मग तो चालत निघाला आणि मशीनच्या पायावर जाऊन आदळला. आदळून तिथेच उभा राहिला. त्याचे मागचे पाय फरशीवर एकेका बाजूला सरकत होते.

"ताई, तुमच्या मांजराला काहीतरी होतंय," बाई म्हणाल्या.

मी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. घाई केली असती तर गिळल्या असत्या. पाच होत्या. त्या पाच टाचण्या काढेपर्यंत काय होतंय ते मला कळलं होतं. डॉक्टरांनी दिलेला कागद फ्रिजवर लावला आहे आणि यांनी तो मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता. ओरडणं, झोकांड्या, मग झटके, मग शुद्ध जाणं. साखर फार खाली गेली की हेच होतं. मी स्वयंपाकघरात धावले, मधाची बाटली आणली, बॉबिनला मांडीवर घेतलं आणि बोटाने त्याच्या हिरडीला मध चोळला. तोंड गार लागलं. एरवी तोंडाला हात लावू न देणारा बोका काही करत नव्हता. त्याचं ते काही न करणं मला सगळ्यात भयंकर वाटलं.

डॉक्टरांचा नंबर यांनी फोनच्या एका बटणावर लावून ठेवलेला आहे. मी तो दाबला आणि फोन जमिनीवर ठेवला, आवाज मोठा करून. किती दिलं, डॉक्टरांनी विचारलं. दोन, मी म्हणाले. नक्की दोन? दोनच. खाल्लं होतं? सगळं खाल्लं होतं.  दोन युनिटने, पोटभर खाऊन, असं व्हायला नको, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काकू, सिरिंज समोर आहे ना? तिच्यावर किती लिहिलंय बघा. तीस युनिट मावणारी की शंभर?"

वापरलेल्या सुया टाकायच्या डब्यातून मी सकाळची सिरिंज काढली. खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली. पांढऱ्यावर काहीतरी करडं होतं, मुंग्या चालल्यासारखं. बॉबिनचा जबडा थडथडायला लागला होता. तीस, असं माझ्या जिभेवर आलं होतं. आधीच्या सिरिंजा तीसच्या होत्या, हे मला माहीत होतं. तीस म्हटलं असतं तर माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं, डॉक्टर दुसरं काही कारण शोधत बसल्या असत्या, आणि बोका गेला असता तरी आजारच तसा होता असं सगळे म्हणाले असते. हे सगळं मी त्या एवढ्याशा वेळात विचारात घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

समोर मुख्याध्यापिका एक बाही लावलेला कोट घालून उभ्या होत्या.

"बाई," मी म्हणाले, "मला दिसत नाही. यावर काय लिहिलंय ते वाचा."

त्यांनी लगेच पर्समधून चष्मा काढला, सिरिंज घेतली आणि शंभर असं वाचलं. मग मी खिशातून फरमा काढला, त्या सिरिंजचा दांडा ओढून फटीत बसवला आणि परत त्यांच्या हातात दिली. आता रेष कुठली आली ते सांगा, म्हटलं. त्यांना वेळ लागला. ही रेषेमागे दोन-दोन युनिटची आहे, असं त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, आणि चार आणि सहाच्या मध्ये आलंय, सहाच्या जवळ. म्हणजे साडेपाचच्या आसपास.

फोनमधून डॉक्टरांचा श्वास ऐकू आला. जाड सिरिंजमध्ये तेवढ्याच फटीत दुपटीहून जास्त औषध मावतं. हे मला कळायला हवं होतं. बारीक बाहीचा आणि रुंद बाहीचा घेर मी एकाच फरम्याने कधी कापला नसता. दर पाच मिनिटांनी थोडा थोडा मध चोळत राहा, झटका आला तर तोंडात बोट घालू नका, आणि कुणाची वाट न बघता निघा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी यांना फोन लावला. वाजत राहिला. हे बंबाबरोबर कुठेतरी गेले होते.

बाईंची गाडी दाराशी होती. मी बॉबिनला कोटाच्या उरलेल्या अस्तरात गुंडाळलं आणि मागे बसले. त्या तशाच, टाचण्या लावलेल्या बाहीने गाडी चालवत होत्या. प्रत्येक वळणावर टाचण्या त्यांना टोचत असणार, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. अर्ध्या वाटेत त्याला झटका आला. चारही पाय ताणले गेले, मान मागे गेली आणि माझ्या मांडीवरून खाली पडेल एवढ्या जोरात तो हलायला लागला. मी त्याला धरून होते आणि आकडे मोजत होते, का मोजत होते कोण जाणे. चाळीसला तो थांबला. ओला झाला होता, मीही झाले होते. तो श्वास घेतोय की नाही हे मला दिसेना, म्हणून मी तळहात त्याच्या बरगड्यांखाली घातला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी दुसऱ्यांना किती वेळा म्हटलंय. इथे आंधळीने टोचलं होतं आणि त्यात ज्याचा काही दोष नाही तो मरायला टेकला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तो माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. कानाला टोचलं. ऐंशीच्या वर हवी ती साखर सव्वीस होती. पुढच्या पायात सलाइनची सुई गेली, साखरेचं पाणी सुरू झालं.  मी बाकावर बसून राहिले आणि बाई माझ्या शेजारी बसून राहिल्या. कोट काढताना त्यांच्या दंडावर लाल ठिपके दिसतात का हे मला बघता आलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काही नाही, ताई. शाळेत जायचं होतं म्हणून मग त्या गेल्या.

तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या. साखर वर येतेय, पण आज सोडणार नाही, असं म्हणाल्या. औषधाचा जोर अजून ओसरायचा आहे, पुन्हा खाली जाऊ शकते. आणि मेंदूला इतका वेळ साखर मिळाली नाही म्हणजे काय काय झालं असेल ते आत्ता सांगता येत नाही. बरा झाला तरी काही दिवस त्याला दिसणार नाही असं वाटतंय. डोळ्यासमोर हात नेला तरी तो पापणी मिटत नाही. बहुतेकदा दृष्टी परत येते. नेहमी नाही.

मी मान हलवली. देव एवढं अचूक माप घेतो हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यातून मी पुन्हा केलेला फोन मिळाल्यावर, ड्युटी मध्येच सोडून, चारला हे आले. गणवेशातच होते, धुराचा वास येत होता. मी यांना बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोतीबिंदू, चिठ्ठी, बटणांचा डबा, फरमा, जाड सिरिंज, बोटांनी सांगितलेलं आणि मी न ऐकलेलं.  मला वाटत होतं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग यांनी सांगितलं की दुकानदार काहीतरी म्हणाला होता. लहान संपल्यात, या मोठ्या आहेत, चालतील ना, असं काहीतरी. हे पंख्याकडे बघत हो म्हणाले होते.

एकाला बघवत नाही आणि एकीला दिसत नाही, मी म्हणाले. छान जोडी आहे. माझा आवाज चढला होता आणि पलीकडच्या कोपऱ्यातला कुत्रा उठून बसला.

तेव्हा यांनी आपली बाही माझ्यासमोर धरली. माझा हात घेतला आणि बिल्ल्यावर ठेवला. त्या बिल्ल्यावर बंबाचं चित्र आहे.

"हा तिरका आहे," हे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. बंब चढावर चाललाय असं सगळे म्हणतात. मला तेव्हाच कळलं होतं तुझे डोळे गेलेत ते."

 वर्षभर हा माणूस तिरका बिल्ला लावून फिरत होता. वर्षभर मला सुईला ओवणी लावताना बघत होता, काळ्या कापडाला नाही म्हणताना ऐकत होता. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. तू सांगशील म्हणून थांबलो, असं हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, उरलेलंही सांगितलं.

"आणि बोललो असतो, तर टोचायचं माझ्याकडे आलं असतं."

मला भयंकर राग आला. उठून निघून जावंसं वाटलं. पण जाऊन बसायचं कुठे? बाक एकच होता आणि राग करायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि जगाला दिसत नाही असं समजतं म्हणतात. इथे मांजर बिचारं आत सलाइन लावून पडलं होतं आणि डोळे मिटून बसलेलो आम्ही दोघं होतो. मी यांच्या शेजारीच बसून राहिले. हात बिल्ल्यावरून काढला नाही.

बॉबिन जगला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणला. त्याला दिसत नव्हतं. दाराच्या चौकटीला आदळायचा, वाटीत पाय घालायचा, टोपली शोधत भिंतीच्या कडेने चालायचा आणि मध्येच थांबून वर तोंड करायचा, जणू कुणीतरी दिवा घालवलाय आणि तो लावायची वाट बघतोय. मला ते सहन व्हायचं नाही. मी त्याच्या वाटेतली खुर्ची हलवायची, तर तो खुर्ची होती तिथेच वळसा घालायचा. ती खोली त्याने डोक्यात मोजून ठेवली होती. मी खुर्ची परत होती तिथे ठेवली.

सोमवारी सकाळपासून एक युनिट सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रविवारी रात्रीच्या जेवणात यांनी दोन घास खाल्ले. सोमवारी पावणेसातला हे आंघोळ करून, केस विंचरून स्वयंपाकघरात आले. कुठे मुलाखतीला निघालेत असं वाटावं. तीसच्या सिरिंजांचं पाकीट यांनी स्वतः जाऊन आणलं होतं. दुकानदाराला गुंडाळू नको म्हणून सांगितलं, असं मला दोनदा ऐकवून झालं होतं.

मी आधी सिरिंज बोटांत फिरवून बघितली आणि बारीक असल्याचं सांगितलं. मग यांच्या हातात दिली. टोपण निघाल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मला भीती वाटली की आता हे खाली बसतील, आणि सुई हातात घेऊन बसतील. डोळे मिटू नका, मी म्हणाले. यांचा श्वास मोठ्याने चालला होता. बाटलीला सुई लागली. टिचकीचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा.

"एक," हे म्हणाले. "एकच. मी तीनदा बघितलं."

मी बॉबिनची कातडी चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताने यांचं मनगट धरून तिथपर्यंत आणलं. यांना दिसत होतं आणि माझ्या हाताला लागत होतं. सुई गेली. बॉबिन वाटीतलं चाटत राहिला, त्याला पत्ताही नव्हता. यांनी टोपण लावलं, सिरिंज डब्यात टाकली, ओट्याला धरलं आणि फरशीवर बसले. सगळा शर्ट भिजला होता. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर यांनी मला बटणांचा डबा आणायला सांगितलं.

मी आणला. हे फरशीवरच बसले होते, डबा समोर उपडा केला. बटणं चारी दिशांना पळाली. चिठ्ठी सगळ्यात वर आली, दोन वर्षं तळाशी होती म्हणून. यांनी ती वाचली, तारीख बघितली आणि फोन लावला. पलीकडे कुणीतरी उचलल्याचं मला कळलं. माझ्या पोटात गोळा आला, साताचा नव्हे, दुसरा, मोठा. डोळ्यात हत्यार घालणार. मी खाली बसले आणि बॉबिनच्या पाठीवर हात ठेवला, त्याला धीर द्यायला नव्हे, मला. गुरुवारी अकरा वाजता जमेल का, असं पलीकडून विचारत होते. यांनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं असावं.

तेवढ्यात माझ्या हाताखाली बोक्याची मान हलली.

"थांब," हे हळूच म्हणाले. "तो बघतोय."

"कुठे?"

"बटण. काळं. माझा पाय लागला, चटईवर लोळत चाललंय."

चटईवर बटण लोळलं तर आवाज होत नाही.  हाताखालची मान हळूहळू डावीकडे वळत गेली, एका लयीत, आणि मग थांबली. हे म्हणाले, बटणही थांबलंय. मला चटई दिसत होती, तिच्यावरचं बटण दिसत नव्हतं. मी बराच वेळ तिथे बघत राहिले.

"गुरुवार चालेल म्हणून सांगा," मी म्हणाले.